टर्न-बेस्ड की रिअल-टाइम विथ पॉज?

टेबलवर खेळायच्या रोल-प्लेइंग गेमचे नियम व्हिडिओ गेममध्ये आणताना पहिला निर्णय लढाईचा: टर्न-बेस्ड, म्हणजे एकेकाने पाळीपाळीने खेळायची, की रिअल-टाइम विथ पॉज, म्हणजे सगळे एकाच वेळी हलतात आणि खेळाडू हवं तेव्हा खेळ थांबवून हुकूम देतो. तो उशिरा बदलला तर शत्रूंची संख्याच पुन्हा ठरवावी लागते.

नियमांशी इमान: डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलवरच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत एक फेरी ६ सेकंदांची असते. प्रत्येकाला हालचाल, एक अ‍ॅक्शन, कधी जास्तीची छोटी बोनस अ‍ॅक्शन आणि दुसऱ्याच्या कृतीला लगेच उत्तर म्हणून फेरीत एकच रिअ‍ॅक्शन. टर्न-बेस्डमध्ये हे जसंच्या तसं उतरतं. रिअल-टाइममध्ये सगळे एकाच वेळी हलतात, त्यामुळे खरी अडचण रिअ‍ॅक्शनची. शत्रू पल्ल्याबाहेर पडताच होणारा वार किंवा ऐनवेळी टाकलेला ढालीचा मंत्र यासाठी दरवेळी खेळ थांबवून विचारायचं, नाहीतर नियमच आपोआप चालवायचा. दुसऱ्या मार्गात खेळाडूचा निर्णय हरवतो, आणि माझ्या मते हे नुकसान मोठं आहे.

वेळ: १२ शत्रू, प्रत्येकाच्या पाळीला ४ सेकंद, म्हणजे फेरीमागे ४८ सेकंद नुसतं बघणं. रिअल-टाइममध्ये अख्खी चकमक तेवढ्यात संपते. 'पाथफाइंडर: किंगमेकर' हा गेम २०१८ मध्ये रिअल-टाइम आला, टर्न-बेस्ड पर्याय २०२० मध्ये मिळाला. दोन्ही देणार असाल तर चकमकी पाळीच्या हिशेबाने कमी ठेवा.

मेहनत: रिअल-टाइमला वाट शोधणं आणि साथीदारांचं एआय भक्कम लागतं. नाहीतर ते स्वतःच्याच फायरबॉल मंत्राच्या २० फूट त्रिज्येत धावतात.

मोजक्या, आखीव लढाया आणि छोटी टीम असेल तर टर्न-बेस्ड. सहा जणांची तुकडी, लांब गुहा आणि भरपूर किरकोळ चकमकी असतील तर रिअल-टाइम.