'जीझस!' म्हणून ओरडणारे हिरो आणि आपण कॅथलिक: बघायचं, निवडायचं, म्यूट करायचं की सोडून द्यायचं?

नवीन इंग्रजी पिक्चर लागलाय, ग्रुपचा प्लॅन ठरलाय, आणि ट्रेलरमध्येच हिरो दोनदा 'जीझस क्राइस्ट!' म्हणून बोंबलतोय. जायचं का? आमच्याकडे वसईत युवक मंडळातल्या पोरांपासून धर्मशिक्षणाच्या टीचरपर्यंत सगळ्यांना हा प्रश्न पडतो आणि उत्तरं ठरलेली दोनच मिळतात, एक 'अजिबात नाही, पाप आहे' आणि दुसरं 'अरे पिक्चर आहे तो, चिल मार'. मला दोन्ही अर्धवट वाटतात, कारण मधे अजून दोन रस्ते आहेत आणि चारही समोरासमोर ठेवून कोणी बघत नाही.

त्याआधी एक गुंता सोडवून घेऊ. आपण सगळ्यालाच 'घाण भाषा' म्हणतो पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली साधी शिवी, आईबहिणीची किंवा इंग्रजीतली 'एफ' वाली, ती असभ्य आहे, ऐकायला घाण वाटते, पण तिच्यात देव कुठेच नसतो. दुसरी म्हणजे देवाचं नाव फुकट घेणं, पायाला टेबल लागलं की 'जीझस'. आणि तिसरी खरी ईशनिंदा, म्हणजे देवाबद्दल द्वेषाने, त्याला आव्हान द्यायच्या भावनेने बोलणं. 1992 च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, दुसऱ्या आज्ञेच्या (देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको) भागात हे वेगवेगळं दिलंय, परिच्छेद 2146 मध्ये देव, येशू, मारिया आणि संतांच्या नावाचा कुठलाही गैरवापर नको असं म्हटलंय आणि 2148 मध्ये ईशनिंदेवर लिहिलंय. (इतर ख्रिस्ती मित्र याला तिसरी आज्ञा म्हणतील, त्यांची मोजणी वेगळी आहे, त्यावर भांडू नका.)

गंमत अशी की पिक्चरला रेटिंग देणारे नेमकं उलट मोजतात. अमेरिकेत 'एफ' वाला शब्द किती वेळा आला यावरून पीजी-13 (तेराखालच्यांसाठी पालकांना सावधगिरीचा इशारा) की आर (त्याहून कडक) ते बऱ्याचदा ठरतं, देवाच्या नावाला मात्र कोणी मोजत नाही. आपल्याकडेही मी थिएटरात शिवी गायब होऊन ओठ नुसतेच हलताना बघितलेत आणि पुढच्याच सीनला 'फॉर क्राइस्ट्स सेक' अगदी स्पष्ट ऐकलंय. म्हणजे यूए 13+ चा शिक्का बघून आईवडील निश्चिंत होतात आणि दुसऱ्या आज्ञेचा विषय त्या शिक्क्यात आलेलाच नसतो. एकेकाळी असं नव्हतं बरं का. 1927 मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओंनी स्वतःसाठी काय टाळायचं याची यादी केली त्यात सुरुवातच देवाच्या आणि ख्रिस्ताच्या नावापासून होती, आणि 1930 चा प्रॉडक्शन कोड, म्हणजे पिक्चरमध्ये काय दाखवायचं याची स्टुडिओंची नियमावली, लिहिण्यात तर फादर डॅनियल लॉर्ड नावाचे जेजुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचे) धर्मगुरूच होते. 1968 ला तो कोड गेला आणि आजची रेटिंग आली.

पहिला रस्ता: बघायचाच नाही

याला हसू नका, यामागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेत 1933-34 च्या सुमाराला बिशपांनी लीजन ऑफ डीसेन्सी नावाची चळवळ काढली, लोक मिस्साला उभं राहून शपथ घ्यायचे की वाईट पिक्चर बघणार नाही आणि जी थिएटरं असे पिक्चर सतत लावतात तिथे पायही ठेवणार नाही. हॉलिवूड घाबरलं, 1934 पासून कोड खरोखर कडक झाला आणि पोप पायस अकरावे यांनी 1936 मध्ये 'विजिलांती क्युरा' या पत्रात या चळवळीचं कौतुक केलं. प्रेक्षक एकत्र आला तर धंदा वाकतो हे तेव्हा दिसलं.

आणि या बाजूचा एक मुद्दा मला आजही खोडता येत नाही. पिक्चरमधला खून खोटा असतो, रक्त खोटं असतं, मेलेला माणूस कट म्हटल्यावर उठून चहा प्यायला जातो. पण नाव? नाव तर खरंच उच्चारलं जातं ना. नटाने 'जीझस' म्हटलं तर ते खरंच हवेत गेलं, त्याला डमी नाही. ज्यांना मिस्सात नाव आलं की मान झुकवायची सवय आहे त्यांना हे लगेच कळेल.

तोटा असा की हा रस्ता धरणाऱ्यांच्या हातून चांगलंही सुटतं. रॉबेर्तो रॉसेलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या 'द मिरॅकल' वर लीजनने लाल शिक्का मारला, न्यूयॉर्कच्या कार्डिनल स्पेलमन यांनी कॅथलिकांना बहिष्काराची हाक दिली, केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 1952 मध्ये कोर्टाने सांगितलं की धर्माचा अपमान होतो म्हणून सरकारला पिक्चर अडवता येणार नाही. पुढे 1995 मध्ये सिनेमाला 100 वर्षं झाली म्हणून व्हॅटिकनने 45 पिक्चरची यादी काढली, तर त्यात याच रॉसेलिनीचे दोन पिक्चर, त्यातला एक संत फ्रान्सिसवरचा! त्याच यादीत 'शिंडलर्स लिस्ट' पण आहे, ज्यात नग्नता, मारहाण, शिवीगाळ सगळं आहे. म्हणजे खुद्द व्हॅटिकन शब्द मोजत बसलेलं नाही.

आणखी एक, हे जरा टोचेल. भाषेवरून उठून जाणारी माणसं मी बघितलीत, पण तीच माणसं हिरो चाळीस जणांना बदला म्हणून कापतो तेव्हा पॉपकॉर्न खात आरामात बसलेली असतात. पाचवी आज्ञा, खून करू नको, पण आहे राव.

दुसरं टोक: सगळं चालतं

या बाजूचं आवडतं वचन बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातलं, तोंडात जातं ते माणसाला अशुद्ध करत नाही. बरोबर आहे, पण पुढचं अर्धं वाक्य सोयीने विसरतात, तोंडातून निघतं ते करतं. आणि निघतं हो! एक सिरीज सलग बघून काढा, आठ सीझन, आणि मग लॅपटॉप हँग झाल्यावर तोंडातून पहिलं काय निघतं ते बघा. कॉलेजात इंग्लिश मिडियमच्या कॅथलिक पोरांच्या बोलण्यात 'जीझस' जितक्या वेळा येतो तितका त्यांच्या प्रार्थनेत येत नसेल, आणि ते त्यांना कोणी घरी शिकवलेलं नाही, स्क्रीनवरून आलंय. घरचे विरार लोकलमध्ये ज्या शिव्या घालतात त्या वेगळ्या, त्याचं खापर हॉलिवूडवर फोडता येत नाही.

या रस्त्याचा फायदा एकच, डोक्याला ताप नाही. मला तो पुरेसा वाटत नाही.

म्यूट करून बघणं

कागदावर हा सगळ्यात शहाणा पर्याय. अमेरिकेत 2005 मध्ये घरच्या घरी नको तो भाग गाळून बघायला परवानगी देणारा कायदाच झाला आणि क्लिअरप्ले सारख्या सर्व्हिस त्यावर चालतात. विडएंजल नावाच्या दुसऱ्या कंपनीने मात्र स्वतःच कॉपी काढून स्ट्रीम केलं म्हणून डिस्ने वगैरे स्टुडिओंनी केस टाकली आणि 2019 ला ज्यूरीने सहा कोटी डॉलरच्या वर भरपाई लावली. आपल्याकडे लोकांच्या हातात काय आहे तर रिमोट, आणि 2021 च्या नियमांनंतर ओटीटीवर 13+ आणि वरच्या कंटेंटला आलेलं पॅरेंटल लॉक. लॉक चांगलं आहे, लावा, पण आधी सांगितलं तसं ते नावासाठी बनलेलं नाही.

रिमोटचा अनुभव सांगतो, तो ज्याच्या हातात असतो तोच शिव्या सगळ्यात मन लावून ऐकतो, कारण त्याला पुढची पकडायची असते. बाकीचे त्याच्याकडे बघत बसतात. पिक्चर राहतो बाजूला.

एक जुगाड मात्र चालतो, हिंदी डब. 'जीझस क्राइस्ट' चं तिथे बऱ्याचदा 'ओ तेरी' नाहीतर 'बाप रे' होऊन जातं. मारधाडीच्या पिक्चरला याने फार काही बिघडत नाही. गंभीर पिक्चरची मात्र वाट लागते, नटाचा आवाजच गेला तर उरलं काय.

निवडून बघणं

माझं मत इकडे आहे, पण यात मेहनत आहे. शब्द किती आले हे सोडा आणि बघा की तो कोणाच्या तोंडी आहे आणि पिक्चरला त्याचं काय वाटतं.

'द एक्झॉर्सिस्ट' घ्या, 1973 चा. त्यात झपाटलेल्या पोरीच्या तोंडून जे निघतं ते मी इथे लिहू शकत नाही, इतकं भयंकर आहे, तिसऱ्या प्रकारातलं. पण मूळ कादंबरी आणि पटकथा दोन्ही कॅथलिक माणसाने लिहिलेली, खरे जेजुइट फादर त्यात काम करतायत, आणि ती भाषा सैतानाची आहे हे पिक्चर एक क्षणही विसरू देत नाही. ते ऐकून तुम्हाला शहारा येतो, तो यायलाच हवा. आता दुसरीकडे 2015 चा 'ॲव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन'. आयर्न मॅन शिवी घालतो, कॅप्टन अमेरिका त्याला भाषेवरून टोकतो, आणि मग पूर्ण पिक्चरभर त्या टोकण्यावरच जोक चालतात. शिवी किरकोळ आहे, पण हसं कोणाचं होतंय? जो जीभ सांभाळतो त्याचं. बारा वर्षाच्या पोराने यातून काय उचललं असेल ते तुम्हीच सांगा. मला हे सैतानाच्या किंकाळीपेक्षा जास्त खटकतं, कारण हे कोणाला कळतच नाही.

आणि उद्धृत करणं म्हणजे बोलणं नव्हे, हे आपल्या चर्चलाच पक्कं ठाऊक आहे. गुड फ्रायडेला दुःखसहनाचं वाचन होतं तेव्हा जमावाची वाक्यं कोण म्हणतं? आपणच. 'त्याला क्रुसावर खिळा' हे आपण भर चर्चमध्ये, मोठ्याने, पोराबाळांसकट म्हणतो. त्यात निंदा नसते, उलट अंगावर काटा येतो की हे म्हणणाऱ्यांत मी पण असतो. चांगला पिक्चर घाण भाषा अशी वापरू शकतो. वाईट पिक्चर तिला मसाला म्हणून टाकतो, आणि साधारण पहिल्या वीस मिनिटांत कळतं कुठला आहे ते.

मग कोणी काय करावं. दृढीकरण (कन्फर्मेशन) व्हायच्या आधीच्या लहान मुलांना पहिला रस्ता, सरळ, चर्चा नको, त्यांना कोणाच्या तोंडी काय हे वेगळं काढता येत नाही, कानावर पडलं की तोंडावर आलं. मोठ्या पोरांना बंदी घालून उपयोग नाही, हेडफोन लावून बघतील, त्यापेक्षा सोबत बसा आणि नंतर विचारा की हिरोने असं का म्हटलं, नसतं म्हटलं तर सीन पडला असता का. मोठ्यांनी निवडून बघावं, पण ज्यांना माहीत आहे की आपण टीपकागद आहोत, ऐकलं की शोषलं, त्यांनी आठवडाभर स्वतःचं तोंड ऐकावं आणि मग ठरवावं, तिथे 'मी ॲडल्ट आहे' चालत नाही. आणि खोलीत आजी रोझरी घेऊन बसली असेल तर तुमची चॉइस कितीही कलात्मक असू दे, लावू नका. संत पौलाने मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल करिंथकरांना बायबलमधल्या पत्रात हेच लिहिलंय, मला चालत असलं तरी माझ्या भावाला त्याने ठेच लागत असेल तर मी खाणार नाही.

थिएटरात जाऊन बसलात आणि फसलात तर? उठून जाता येतं, तिकिटाचे पैसे तसेही गेलेलेच असतात. ग्रुप सोबत आहे, उठणं जमत नाही, तर पवित्र साक्रामेंताच्या आशीर्वादानंतर आपण 'देव धन्य, त्याचं पवित्र नाव धन्य' अशा अर्थाच्या ज्या ओळी म्हणतो त्या मनात म्हणा. या ओळी 1797 मध्ये लुइजी फेलिची नावाच्या जेजुइट फादरने देवाच्या नावाची जी विटंबना व्हायची तिची भरपाई म्हणूनच रचल्या होत्या, म्हणजे जागा अगदी योग्य आहे, फक्त पुटपुटू नका, शेजारचा घाबरेल.

आणि कन्फेशनला जाऊन 'फादर, मी अमुक पिक्चर बघितला' एवढंच सांगून येऊ नका. तो बघून घरी, ऑफिसात तुमच्या तोंडून काय निघालं ते सांगा, फादरना पिक्चरची स्टोरी नको असते.