७५० वॅटचा मिक्सर आणि चमचाभर चटणी : सव्वा वर्षाच्या वापरानंतर

मोटरवर पाच वर्षं, मशीनवर दोन वर्षं आणि जे खरोखर मोडतं त्यावर काहीच नाही. आमच्या मिक्सरच्या वॉरंटी कार्डाचा सारांश एवढाच. तो मला पाठ झालाय, कारण गेल्या महिन्यात कपलर (मोटरचा फिरवा भांड्यातल्या पात्याला देणारी दातेरी चकती) तुटला आणि सर्व्हिस सेंटरच्या बाईंनी फोनवर तो मला दोनदा वाचून दाखवला. "सर, कपलर, रबरी रिंग, झाकण, भांड्याचं बुश हे वॉरंटीत येत नाही. कन्झ्युमेबल आहे ते." मी म्हटलं, मग येतं काय? "मोटर येते ना सर." मोटरला काय धाड भरलीये! ती ठणठणीत आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ७५० वॅट, स्टीलची तीन भांडी, बुडाला लाल ओव्हरलोड बटण, किंमत साडेचार हजारांच्या आसपास. ज्यांच्या ओट्यावर या वर्गातलं कुठलंही यंत्र आहे त्यांना पुढचं बरंचसं ओळखीचं वाटेल.

घरात आम्ही तिघं. आई, बायको आणि मी. रोजचा स्वयंपाक दोघांत वाटलेला. रविवारची मिसळ, डोशाचं पीठ आणि एकूणएक वाटणं माझ्याकडे. बाहेर खायची हौस दांडगी, पण खिशाशी माझं नातं जुनं आहे. पुण्यात बेडेकरांची गोडसर मिसळ आणि स्लाइस खाऊन मुंजाबाच्या बोळातून बाहेर पडलो की डोक्यात हिशेब सुरू होतो, एवढ्या पैशांत घरी आठ जण जेवले असते. (आमच्याकडे आठ जण जेवायला येत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) हा मिक्सर त्या हिशेबातूनच आला. जुना ५०० वॅटचा होता, सुकं खोबरं घातलं की जळका वास सोडायचा.

आधी चांगलं सांगून टाकतो. घेतला तेव्हा माझं ठाम मत होतं की ७५० वॅट ही दुकानदाराची चाल आहे, तीन माणसांना एवढं कशाला? हे मत पहिल्याच मिसळीने बदललं. कर्वे रोडच्या 'काटाकिर्र' मिसळवाल्यांच्या वळणावर जाणारी तर्री घरी करायची तर भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, धने, आलं-लसूण हे सगळं अगदी गंधासारखं वाटलं जावं लागतं. वाटण जाडसर राहिलं की ते तळाशी बसतं, वर पाणी आणि त्यावर तेल, असा तीन मजली रस्सा होतो. जुन्यावर तसाच व्हायचा आणि आम्ही 'घरगुती चव' म्हणून खायचो. नव्याच्या मधल्या भांड्यात थोडं थोडं पाणी घालत, मध्ये एकदा थांबून फिरवलं की रस्सा एकजीव होतो. लाल रंगाचं श्रेय मात्र मिक्सरला देऊ नका. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. फोडणीत मंद आचेवर तिखट परतलं नाही तर हजार वॅटचा आणलात तरी तर्री येणार नाही.

विजेची भीती दाखवणाऱ्यांसाठी हिशेब : रोज दहा मिनिटं चालला तरी महिन्याला चार युनिटंसुद्धा होत नाहीत.

आईचं मत वेगळं. तिच्या मते मिक्सर म्हणजे सुमीत, बाकी सगळी खेळणी. त्या पिढीच्या सगळ्यांचंच असं आहे आणि त्यात तथ्यही आहे. एस. पी. माथुर नावाच्या इंजिनिअरने १९६०च्या दशकात तो बनवला तो मुळात बायकोचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे जळाला म्हणून. परदेशी यंत्रं मिल्कशेकसाठी बनलेली, त्यांना भिजवलेली उडदाची डाळ आणि सुकी हळद कुठून झेपणार. आई अजूनही नव्या मिक्सरकडे बघून "यात हळद दळून दाखव" म्हणते. दळून दाखवलेली नाही. मार्केट यार्डातून दळलेली हळद मिळत असताना साडेचार हजारांची परीक्षा कशाला घ्यायची?

डोशाचं पीठही उत्तम होतं, एक पथ्य पाळलं तर. उडीद डाळ वाटताना बर्फाचं पाणी घाला. इतक्या वेगाने फिरणारं पातं डाळ गरम करतं आणि गरम झालेलं पीठ मनासारखं फुलत नाही. वैशालीतल्या डोशाची बरोबरी होत नाही, होणारही नाही, त्यांचा तवा आणि आपला तवा यातच निम्मा फरक आहे. थंडीत पुण्यात पीठ न आंबण्याचा दोष मिक्सरला देऊ नका, तो डिसेंबरचा आहे. पीठ रात्रभर बंद ओव्हनमध्ये, नुसता आतला दिवा लावून ठेवा.

आता मुद्द्याचं. चटणीचं भांडं.

मराठी स्वयंपाकघर मोठ्या भांड्यावर चालत नाही. मोठं भांडं महिन्यातून दोनदा निघतं, आंब्याच्या दिवसांत थोडं जास्त. रोज ओट्यावर असतं ते छोटं. लसणाची चटणी, खोबरं-कोथिंबिरीचं वाटण, दाण्याचा कूट, आमटीला चमचाभर जिरं-खोबरं, कारळाची पूड, ताकाला आलं-मिरची. आणि कंपन्या वॅट मोजून जाहिरात करतात आणि छोटं भांडं शेवटी, उरलेल्या पत्र्यात केल्यासारखं करतात. आमच्या भांड्याची क्षमता ४०० मिली. पातं आणि तळ यांच्यामध्ये किती जागा असावी? मी पट्टीने मोजली, जवळजवळ एक सेंटीमीटर. म्हणजे आठ-दहा लसणाच्या पाकळ्या आणि दोन चमचे खोबरं टाकलं की अर्धं पात्याच्या खाली लपतं, अर्धं उडून भिंतींना चिकटतं आणि पातं मधल्या हवेत सुखाने गरगरत राहतं. झाकण उघडा, चमच्याने खाली ढकला, बंद करा, फिरवा. पुन्हा उघडा. या कवायतीत जेवढी चटणी होते, तेवढी खलबत्त्यात आधी झाली असती आणि चवही बरी आली असती.

यावर कस्टमर केअरचं उत्तर ऐका. "सर, भांडं किमान निम्मं भरा, मग छान फिरेल." निम्मं भांडं लसणाची चटणी! तिघांच्या घरात! ती संपेपर्यंत सोसायटीत कुणी आमच्या शेजारी उभं राहणार नाही. आणि निम्मं भरायचं असतं तर मधलं भांडं काय वाईट होतं? छोट्या भांड्याने थोडंसं वाटावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे.

झाकणाची आणखी तऱ्हा. ते पारदर्शक आहे म्हणून कौतुक, पण आतल्या बाजूने खोलगट आहे, त्यामुळे चांगला चमचाभर ऐवज झाकणालाच चिकटून बसतो. चमचाभर चटणी करायला बसलो आणि चमचाभर झाकणाने खाल्ली. ती निपटायला बोट घातलं की रबरी रिंग निघते. रिंगेच्या खाचेत लसूण अडकतो तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात वेलदोड्याची पूड करून बघा.

ठेच्याबद्दल बोलायलाच नको. ठेचा ठेचायचा असतो. मिक्सरमधून निघतं ते हिरवं पेस्ट. सिंहगडावर पिठलं-भाकरीबरोबर जो मिळतो तो आणि हे, दोन्हींना एकच नाव देऊ नये. तुळशीबागेतून आणलेला लोखंडी खलबत्ता आमच्याकडे अजून ओट्याखाली आहे, त्याला कपलर नाही आणि वॉरंटीही लागत नाही.

या भांड्याबद्दलचं इथवरचं मी श्रावणाआधी लिहून ठेवलं होतं आणि या भांड्याला पाचपैकी शून्य द्यायचं ठरवलं होतं. श्रावणात त्यात थोडी दुरुस्ती करावी लागली. उपास सुरू झाले, साबुदाण्याची खिचडी वरचेवर, आणि दाण्याचा कूट या भांड्यात फार सुरेख होतो. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. मिक्सर सलग चालवला की ते तापून सुटतं आणि कुटाचा गोळा होतो. बटण उलट्या बाजूला झटका देऊन सोडायचं, चार-पाच झटके, बस. इथे ती खालची मोकळी जागा उपयोगी पडते, कारण दाणे सुटे असतात, उडाले तरी परत खाली येतात. कारळं, जवस, भाजलेले तीळ, सगळ्यांचं तेच. म्हणजे भांडं कोरड्यासाठी उत्तम आणि ओल्यासाठी कुचकामी. त्यावर नाव मात्र 'चटणी जार' असं कोरलेलं आहे.

आता कपलर. रविवारी मटकीला मोड आलेले, कांदा-खोबरं भाजून गार केलेलं, आणि मशीन नुसतं घोंगावतंय, भांड्यातलं पातं ढिम्म. खालच्या प्लॅस्टिकच्या चकतीचे दात साफ गेले होते. सोमवारी फोन केला. घरी येण्याचे ३५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१३. कपलरचे १२० वेगळे. मशीन घेऊन मीच येतो म्हटलं तर "तपासणी शुल्क लागेल सर." तुटलेला कपलर डोळ्यांना दिसतोय, तपासायचं काय त्यात? आणि माणूस पाठवणार कधी, तर गुरुवारी दुपारी. गुरुवारी आमच्या भागात देखभालीसाठी लाइट जाते. "मग पुढचा गुरुवार देऊ का?" अहो, पुढच्या गुरुवारीही लाइटच जाणार आहे!

त्या रागात मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन लावला. तक्रार नोंदवून घेतात, बिलाचा फोटो आणि वॉरंटी कार्ड तयार ठेवा. मला फारशी आशा नव्हती.

तक्रार टाकून मी तोपर्यंत बोहरी आळी गाठली. मिक्सरच्या सुट्या भागांचं एवढंसं दुकान, भिंतीवर कपलरांच्या माळा. दुकानदाराने तुटका तुकडा हातात घेऊन एका नजरेत सांगितलं, "साठ रुपये." आणि वर एक गोष्ट सांगितली जी साडेचार हजार घेणाऱ्यांनी सांगितली नव्हती. कपलर मुद्दाम मऊ ठेवतात. भांड्यात काही अडकलं की आधी दात जावेत, मोटर जळू नये म्हणून. पटलं. राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा यासाठी की भाग मोडण्यासाठीच बनवलाय, तर खोक्यातच एक जादा टाकायला काय जातं? साठ रुपयांची वस्तू, त्यांना तर दहालाही पडत नसेल.

बसवायला घरी पाच मिनिटं लागली. प्लग काढा, पकडीने खालचा दांडा धरा आणि कपलर फिरवा. आमच्या मशीनचा आटा उलटा आहे, उजवीकडे फिरवला की सुटतो. मोटर चालताना तो ढिला न होता आवळत राहावा म्हणून तसा. हे माहीत नसेल तर जोर लावून लावून तुम्ही तो आणखी घट्ट कराल. तुमचा कुठे सुटतो ते आधी विचारून घ्या.

त्याच दुकानदाराला मी चटणीचं भांडंही दाखवलं. त्याने वरचा नट खोलून पात्याखालच्या दोन चकत्यांपैकी एक काढली आणि पातं पुन्हा बसवलं. पातं तळाला घासत नाही ना, ते हाताने फिरवून बघितलं. पैसे घेतले नाहीत, "काका, कपलर घेतला ना" म्हणाला. पातं जेमतेम दोन मिलिमीटर खाली आलं असेल, पण चार चमचे वाटण आता दोनदा झाकण उघडून होतं, पूर्वी पाच-सहादा लागायचं. खोबरं-कोथिंबीर तर एका दमात. लसूण अजूनही उडतो.

आणि गंमत म्हणजे आठवड्याभराने कंपनीच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. अतिशय गोड आवाज, सर सर, आणि कुरिअरने फुकट कपलर. एक नाही, दोन. त्यामुळे सबंध मिक्सरचं मानांकन, जे मनात पाचपैकी दोन होतं, ते साडेतीनवर नेतोय. फोनवर त्या मुलाला मी पात्याच्या उंचीबद्दल सविस्तर सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं, शेवटी विचारलं, "सर, मग चटणी जार बदलून पाठवू का?" पाठव म्हटलं. आला. त्यातही पातं आणि तळ यांच्यामध्ये तेच एक सेंटीमीटर. आता आमच्याकडे ओल्याचं एक आणि कोरड्याचं एक अशी दोन छोटी भांडी आहेत. नवीन भांड्यावर बायकोने मार्करने 'कूट' लिहून ठेवलंय, आणि वेलदोड्याला लसणाचा वास येणं बंद झालंय.

बोहरी आळीत जाणार असाल तर गाडी नेऊ नका, मेट्रोने मंडईला उतरून चालत जा. कपलरचा फोटो घेऊन जाऊ नका, तुटकाच न्या. दातांची संख्या आणि मधल्या भोकाचा आकार कंपनीगणिक बदलतो. आणि भांडंही पिशवीत टाका, चकती काढून घ्यायला.