विजापूर की हंपी? बेळगावकडून निघणाऱ्यांसाठी

हाताशी दोनच दिवस असतील आणि बरोबर सत्तरीच्या पुढचं कोणी असेल, तर विजापूरला जा. तीन दिवस असतील आणि सगळ्यांच्या गुडघ्यांची तक्रार नसेल, तर हंपी. दोन्ही जुन्या राजधान्याच, एक आदिलशाहीची आणि दुसरी विजयनगरची. पण त्या बघण्याची रीत इतकी वेगळी आहे की एकीचं वेळापत्रक दुसरीला लावलं की सहल फसते. (बदामी एका दिवसात होते, म्हणून ती इथे धरलेली नाही.)

आधी घर कुठे आहे ते बघा. अथणी-कागवाडकडच्यांना विजापूर अगदी जवळ; अथणीहून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. बेळगावातून ते जमखंडीमार्गे दोनशेच्या घरात जातं, साडेचार-पाच तास धरावेत. रेल्वेने विजापूरला जायचं म्हणजे हुबळी-गदगचा मोठा वळसा, तो विचार सोडलेला बरा. हंपीचं उलट आहे. धारवाड-हुबळी-गदग-कोप्पळ करत होसपेटपर्यंत अडीचशे किलोमीटर होतात, पण कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेस बेळगाव, लोंढा करत थेट होसपेटला उतरवते. खानापूरकरांनी गाडी काढण्याआधी या रेल्वेचं आरक्षण बघावं. होसपेटहून हंपी १३ किलोमीटर, बस सारख्या असतात.

बसने जाणार असाल तर घरातल्या बायकांनी कर्नाटकातला पत्ता असलेलं आधारकार्ड जवळ ठेवावं. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत साध्या आणि वेगदूत (एक्सप्रेस) बसला त्यांना प्रवास फुकट आहे. राजहंस, स्लीपर, एसीला मात्र तिकीट पडतं. पाट्यांवर आणि आरक्षणात ‘विजयपूर’ आणि ‘होसपेटे’ अशी नावं शोधा.

विजापूर एका दिवसात नीट होतं, पण तो दिवस पहाटे सुरू झाला पाहिजे. म्हणून आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला पोचा आणि सकाळी सहाला गोलघुमटाच्या दारात उभे राहा. हा हट्ट घुमटातल्या आवाजासाठी. मोहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ च्या सुमाराची. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर, आणि आत एकही खांब नाही. आत गेल्यावर नजर लगेच वर नेऊ नका. भिंतींतून निघालेल्या कमानी एकमेकींना छेदत कशा वर जातात ते आधी बघा. चौकोनावर तिरका दुसरा चौकोन बसावा तशी त्यांची गुंफण आहे, आणि तिच्यामुळेच खालच्या चौकोनी दालनावर गोल घुमट बसू शकला.

मग कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून सात मजले चढायचे. जिना अरुंद, गोल, पायऱ्या उंच. चढणारे-उतरणारे समोरासमोर आले की अंग चोरून उभं राहावं लागतं. वर घुमटाच्या पोटातून फिरणारा सज्जा आहे. एकाने भिंतीकडे तोंड करून कुजबुजायचं, दुसऱ्याने बरोबर समोरच्या बाजूला भिंतीला कान लावायचा. काडेपेटीतल्या काडीचा चरचर आवाजही पलीकडे पोचतो, कारण आवाज गोल भिंतीला धरून सरकत जातो. तोच घुमट एक हाक सात-आठ वेळा परत करतो. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली वर आल्या की सगळ्यांच्या आरोळ्या एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट उरतो. नऊनंतर पोचलेल्यांना ‘काही विशेष नाही’ असं वाटतं ते यामुळेच. ज्यांना जिना झेपणार नाही त्यांनी खालच्या दालनात बसावं. तिथूनही घुमट पुरेपूर दिसतो. समोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

पुढे जामा मशीद, बारा कमान आणि गगन महाल हे सगळं जवळजवळ आहे. टांगा किंवा रिक्षा अर्ध्या दिवसाला ठरवा आणि ठिकाणांची नावं आधीच सांगून घ्या, नाहीतर शेवटी इब्राहिम रोजाचे (दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कबरीचे) पैसे वेगळे मागितले जातात. मलिक-ए-मैदान तोफ पंचावन्न टनांची, १५४९ साली अहमदनगरात ओतलेली, परांड्याच्या किल्ल्यातून इथे आणलेली. तिच्या तोंडाशी सिंहाचा जबडा कोरला आहे. वाकून त्याच्या दातांत बघा, हत्ती चिरडलेला दिसेल. बहुतेक जण दुरूनच फोटो काढून निघतात आणि नेमकं तेवढंच राहतं.

इब्राहिम रोजा शेवटी ठेवा, उतरत्या उन्हात. आमच्या मते विजापुरातली सगळ्यात देखणी वास्तू हीच, गोलघुमटापेक्षाही. एकाच चौथऱ्यावर कबर आणि मशीद, मध्ये हौद. खिडक्यांच्या दगडी जाळ्या म्हणजे कोरलेली अक्षरंच. चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा पिशवीत मोजे असू द्या. दुपारी फरशी पाय भाजते. जेवणाला खानावळ गाठा. ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी यांत सीमाभागातल्या माणसाला परकं काही नाही. दख्खनी हिंदी सगळीकडे चालते, मराठीही पुष्कळांना कळते. १९५६ पर्यंत हा जिल्हा आपल्यासारखाच मुंबई राज्यात होता.

हंपीत असं गाव बघून परतणं होत नाही. तुंगभद्रेच्या काठची देवळं एकीकडे आणि कमलापूरच्या बाजूचे महाल दुसरीकडे, मध्ये शिळांचे डोंगर आणि केळीच्या बागा. सर्वांत मोठी चूक तिकिटात होते. विठ्ठल मंदिराचं तिकीट कमळ महाल आणि गजशाळेलाही चालतं, पण त्याच दिवशी. म्हणून एका दिवशी सकाळी साडेआठला विठ्ठल मंदिर आणि दुपारनंतर महाल, असाच क्रम लावा. मंदिर वाहनतळापासून किलोमीटरभर आत आहे. बॅटरीच्या गाड्या असतात, पण शनिवार-रविवारी त्यांची रांग चालत जाण्यापेक्षा जास्त वेळ खाते. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ इथलाच. सुरांच्या खांबांवर टिचकी मारायला मनाई आहे, ती पाळा. ते खांब हाताळूनच झिजले.

मराठी माणसाने मात्र रथापाशी न थांबता गाभाऱ्यात जावं. तो रिकामा आहे. पंढरपूरचा विठ्ठल कृष्णदेवरायाने इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, असं वारकरी परंपरा सांगते. ही कथा ठाऊक असणाऱ्याला त्या रिकाम्या जागेपुढे उभं राहणं वेगळंच वाटतं.

दुसरा दिवस विरूपाक्ष, १५२८ ची लक्ष्मी-नरसिंहाची मूर्ती आणि हजारराम मंदिरासाठी. विरूपाक्षात पूजा चालू आहे, ते दुपारी काही तास बंद असतं. सकाळी जा आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत गोपुराची उलटी सावली बघा. तिसरा दिवस नदीपलीकडच्या आनेगुंदीचा. तिथल्या अंजनाद्री टेकडीच्या पायऱ्या पावणेसहाशे, उन्हं चढायच्या आत वर जाऊन यावं. धरणातून पाणी सोडलेलं असलं की टोपलीहोड्या बंद होतात आणि नदीकाठचा पुरंदर मंडप पाण्यात जातो, त्यामुळे पावसाळ्यात पुलावरूनच जायचं ठरवा. मार्च ते मे तिथल्या शिळा रात्रीपर्यंत तापलेल्या असतात; लहान मुलं असतील तर ते महिने नकोच.

चार-पाच दिवस मिळत असतील तर दोन्ही करा, पण हंपी आधी. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांपुढे विजयनगर कोसळलं आणि त्यानंतर विजापूर उभं राहत गेलं. या क्रमाने पाहिलं की दोन्हींतला दुवा डोळ्यांना दिसतो. होसपेट ते विजापूर सुमारे दोनशे किलोमीटर, रस्ता चौपदरी. वाटेत इरकल लागतं. साडी घेणार असाल तर पदर जिथे साडीच्या अंगाला जोडला आहे तो सांधा उलटून बघा. हातमागावर पदराचे धागे अंगाच्या धाग्यांत एकेक करून अडकवलेले असतात.