कडबाकुट्टीचा गंज काढायचा: सँडब्लास्टिंग की सोड्याचा ड्रम?

गोठ्यामागे चार-पाच पावसाळे उघड्यावर काढलेली हाताची कडबाकुट्टी बहुतेक वेळा मेलेली नसते. चाक, चौकट आणि गिअर बिडाचे असतात. वरून लाल दिसले तरी आत धातू शाबूत असतो. गंज कसा काढायचा, एवढंच ठरवायचं असतं. नाशिककरांना दोन वाटा सोप्या आहेत: अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडे जॉबवर्कने सँडब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने वाळू मारून गंज उडवणं, किंवा घरीच प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि त्यातून वीज सोडायला बॅटरी चार्जर. ग्राइंडरला वायर ब्रश लावण्याची तिसरी वाट मी धरतच नाही. ब्रश खड्ड्यांच्या कडा चकाकवतो, तळातला गंज तसाच राहतो आणि पुढच्या आषाढात रंगाला फुगे येतात.

द्राक्षबागेच्या बांधावर पडलेल्या यंत्राला हे खड्डे जास्त खोल असतात. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो हे फवारणीचं मिश्रण करताना चुना पुरेसा पडला का, हे आपण लोखंडी पातं बुडवून बघतो. तांबूस थर आला तर चुना कमी. मोरचुदाचं पाणी यंत्रावर सांडलं की तिथे हेच घडतं. तांबं लोखंडावर बसतं आणि ओल मिळाली की त्याच्या शेजारचं लोखंड खाल्लं जातं.

दोन्ही वाटांना आधी खोलणं आलंच. अडकलेल्या नटाला गॅसने तापवा, बोल्टला नको. नट फुगतो आणि आटा सुटतो. चाक निघत नसेल तर आऱ्यांवर हातोडा घालू नका, बीड तडकतं. मधल्या तुंब्याला ओढणारा पुलर लावा आणि त्याआधी चावीच्या खाचेत दोन दिवस डिझेल मुरू द्या.

आता सँडब्लास्टिंग. वेगात त्याला तोड नाही. ट्रॉलीची चौकट, कल्टिव्हेटर, पलटी नांगराचा सांगाडा अशा लांबलचक वस्तूंना तोच योग्य. जुन्या रंगाचे थरही एकाच फेरीत जातात. पातळ पत्रा मात्र वाकतो, म्हणून गार्ड आणि घास सारायची पन्हाळ देऊ नये.

माझं मत फिरवलं ते कणांनी. वाळू असो की ग्रिट, ती बुशाच्या (दांडा ज्यात फिरतो त्या नळीच्या) भोकात, ग्रीस निपलच्या वाटेत, गिअरच्या आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या आट्यात जाऊन बसते. हवेने फुंकलं तरी सगळी निघत नाही. मग नवीन ग्रीस भरलं की कण त्यात मिसळतात आणि ते ग्रीस पॉलिश पेस्टसारखं बुश घासत राहतं. चाक आधी मऊ फिरतं, एका हंगामात डुलायला लागतं, पात्याची फट बिघडते आणि कडबा कापला न जाता मुरगळतो. भोकं लाकडी खुंट्या ठोकून बंद करता येतात, पण कारखान्यात घाई असते आणि ते काम आपल्या हातात राहत नाही.

ड्रमचं काम संथ आहे, पण कण कुठेच शिरत नाहीत. 100 लिटर पाण्याला 1 किलो धुण्याचा सोडा. मीठ टाकू नका, त्यातून क्लोरीन सुटतो. कडेने चारी बाजूंना साध्या लोखंडी सळया उभ्या करून त्या एकमेकींना तारेने जोडा आणि चार्जरचा धन चिमटा त्यांना द्या. ऋण चिमटा यंत्राच्या भागाला, जिथे घासून धातू उघडा केला आहे तिथे. हे उलटं झालं तर भागच झिजतो. स्टेनलेसची सळई अजिबात नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. धन चिमटा पाण्याबाहेर राहू द्या. चार्जर जुना, साधा 12 व्होल्टचा बरा. नवे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत.

सळईच्या समोरची बाजू आधी सुटते, म्हणून मधून भाग फिरवा, पण चार्जर बंद करून. बुडबुडे हायड्रोजनचे असतात: ड्रम उघड्यावर ठेवा आणि जवळ विडी नको. साधारण एका दिवसात लाल गंज काळा आणि ठिसूळ होतो, मग नायलॉनच्या ब्रशने निघतो. शेतातल्या वीजपाळीचा त्रास इथे होत नाही. मध्येच वीज गेली तरी सोड्याच्या पाण्यात लोखंड सहसा गंजत नाही, पाळी आली की काम पुढे चालू.

मर्यादा आहेतच. ॲल्युमिनियम सोड्यात विरघळतं, पितळी बुश काढून ठेवावेत. कडक केलेली पाती आणि स्प्रिंगही ड्रममध्ये नकोत, हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होऊ शकतात. पाती धार लावून घ्यावीत किंवा नवी टाकावीत. दहा फुटी चौकट ड्रममध्ये मावत नाही, तिथे मी तरी अंबडचाच रस्ता धरेन. पण गिअर, रोलर आणि चाकाचा तुंबा यांना ड्रमच बरा, असं मला वाटतं.

बाहेर काढल्यावर वेळ फार थोडा मिळतो. धुतलेलं बीड अर्ध्या तासात पुन्हा तांबूस होऊ लागतं. उकळत्या पाण्याने धुवा म्हणजे लवकर सुकेल, आणि त्याच दुपारी रेड ऑक्साइड प्रायमर मारा. बुशाच्या भोकात आणि गिअरच्या दातांवर रंग नको, तिथे लगेच ग्रीस. हे काम एप्रिलच्या कोरड्या उन्हात करावं. पावसाळी दमटात प्रायमर खाली ओल धरून ठेवतो.