‘चोरीरोधक खिडकी’ म्हणून गळ्यात मारलेली टफन काच

जुन्या घराच्या लाकडी खिडक्या ‘चोरीरोधक’ करून देतो, असं सांगून एका कंत्राटदाराने आम्हाला फसवलं. हे सविस्तर लिहिते आहे, कारण त्याने दाखवलेलं प्रमाणपत्र बनावट नव्हतं. बनावट असतं तर बिंग लवकर फुटलं असतं.

आसपास घरफोडी झाली की अशी माणसं आपणहून दारात येतात. हाही तसाच आला. सोबत काचेचा नमुना होता. त्यावर त्याने हातोडीचे सणसणीत टोले हाणले, काचेला ओरखडाही नाही. “ताई, चोराचा बाप आला तरी फुटायची नाही.” मग फाइलमधून कागद काढला: ईएन १२१५०, प्रयोगशाळेचा शिक्का, सगळं रीतसर. जुनी काच जाऊन टफन काच, वर पारदर्शक फिल्म, किल्लीची मूठ आणि कडेने नवी पट्टी, असं काम ठरलं. काम झपाट्याने झालं आणि दिसायला फार देखणं झालं, हेही मान्य करायला हवं.

पुढे माझा मावसभाऊ घरी आला. तो दारं-खिडक्या बनवण्याच्याच धंद्यात आहे. कागद वाचून तो हसला. “ताई, हे प्रमाणपत्र काच फुटली तर तुझा हात कापू नये म्हणून आहे. चोराचा यात उल्लेखच नाही.”

ईएन १२१५० हे टफन काचेचं युरोपीय मानक. ही काच तापवून झटकन थंड केलेली असते, म्हणून साध्या काचेपेक्षा मजबूत असते आणि फुटली तर मोठे धारदार तुकडे न पडता तिचा बोथट चुरा होतो. स्नानगृहाच्या दाराला ती उत्तमच. पण कडेला किंवा कोपऱ्यात टोकदार वस्तूचा नेमका ठोका बसला की अख्खी काच एकदम खाली येते आणि चोराला मोकळी वाट मिळते. कंत्राटदाराची हातोडी दर वेळी काचेच्या मधोमधच का पडत होती, ते तेव्हा कळलं.

चोरी रोखायला लागते ती लॅमिनेटेड काच: दोन काचांच्या मध्ये चिवट प्लास्टिकचा थर. तडे जातात, पण काच जागेवर राहते. तिची प्रतवारी ईएन ३५६ या मानकात आहे. त्यातल्या पी४ए या वर्गासाठी सुमारे चार किलोचा पोलादी गोळा नऊ मीटरवरून तीनदा टाकतात आणि तो आरपार जाता कामा नये. आमच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं.

पण मावसभावाच्या मते काच हा दुय्यम मुद्दा. काच फोडली की आवाज होतो, म्हणून बरेच चोर तिच्या वाटेला जातच नाहीत. ते झडप आणि चौकट यांच्या फटीत मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून झडप उचकटतात. त्याने बाहेर उभं राहून आमचीच एक खिडकी तशी उघडून दाखवली. किल्लीची मूठ कुलूपबंद होती आणि शेवटपर्यंत कुलूपबंदच राहिली. मुठीला जोडलेल्या आतल्या खिट्या मात्र जुन्याच, गोल आणि गुळगुळीत. झडप जराशी वाकली आणि त्या खाचेतून सरकल्या. तिथे हवी होती टोपीसारख्या डोक्याची खिटी, पोलादी खाचेत अडकणारी, आणि तीही एका जागी नाही तर झडपेच्या चारही बाजूंना. बिजागरीची बाजू तर कंत्राटदाराने बघितलीही नव्हती. जुन्या खिडकीत आतून असा बदल शक्य नसेल, तर वरून बसवायची कुलपं मिळतात, मुठीकडे आणि बिजागरीकडे दोन्हीकडे. जर्मनीत अशा नंतर बसवायच्या साधनांसाठी डीआयएन १८१०४ हे स्वतंत्र मानकच आहे.

खरा संताप आला तो नव्या पट्टीखाली बघून. चौकटीचा खालचा भाग कुजलेला होता. तिथे लांबी (पुट्टी) भरून वर रंग फासला होता. पेचकस बोटाच्या जोराने आत जात होता. अशा लाकडात जगातलं सर्वांत महाग कुलूप बसवलं तरी ते लाकडासकट हातात येणार. स्क्रूही इतके आखूड की जेमतेम लाकडाच्या वरच्या थरात रुतलेले. फिल्म पट्टीच्या अलीकडेच संपलेली, चौकटीला कुठेही धरलेली नाही. काच धरून ठेवणारी पट्टी तर बाहेरच्या बाजूने! ती काढली की काच न फोडता, अखंड बाहेर येते.

म्हणून कोणी ‘चोरीरोधक’ म्हणालं तर विचारा: परीक्षा कशाची झाली, सुट्या भागाची की काच, चौकट, खिट्या यांसकट पूर्ण खिडकीची? पूर्ण खिडकीसाठी ईएन १६२७ आहे. त्यातल्या आरसी २ वर्गाची खिडकी स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पाचर अशा हत्यारांपुढे तीन मिनिटं टिकावी लागते. आरसी ३ मध्ये पहारही येते आणि वेळ पाच मिनिटं. ‘आरसी २ एन’ लिहिलेलं असेल तर काचेला चोरीरोधक असण्याची अट नाही, हे ते एक अक्षर सांगतं. जुनी खिडकी दुरुस्त करून हा वर्ग मिळाला, असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर दाराशीच थांबवा. दुरुस्तीने खिडकी बरीच भक्कम होते, पण प्रमाणपत्र प्रयोगशाळेत तपासलेल्या खिडकीच्या नमुन्याला असतं, तुमच्या भिंतीतल्या खिडकीला नाही. आणि ग्रिल लावणार असाल तर निदान एक तरी आतून उघडणारी ठेवा. आग लागली तर तीच वाट.

कंत्राटदाराला मी हे सगळं लेखी कळवलं. उत्तर आलं: “प्रमाणपत्र काचेचं होतं, खिडकीचं आहे असं आम्ही म्हटलंच नाही.” बिलावर ‘संपूर्ण चोरीरोधक खिडकी’ असं त्याच्याच अक्षरात आहे. त्या बिलाचा फोटो पाठवून ग्राहक तक्रारीचा विषय काढल्यावर त्याने उरलेल्या पैशांसाठी फोन करणं बंद केलं. दिलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. तक्रार दाखल आहे. कुजलेली चौकट मावसभावाने कापून नवं लाकूड जोडलंय, लांब स्क्रू भिंतीपर्यंत नेलेत, आणि खिट्यांचं काम सध्या तळमजल्याच्या मागच्या खिडकीपासून सुरू आहे, कारण ती रस्त्यावरून दिसत नाही.