खिडकीची जाळी की सोसायटीची गच्ची?

मुंबईत घरची भाजी लावू पाहणाऱ्यासमोर बहुधा दोनच जागा असतात: खिडकीबाहेर पेटीसारखी काढलेली लोखंडी जाळी आणि सोसायटीची गच्ची. जागा ऐसपैस म्हणून गच्चीच बरी, असे पटकन वाटते. परंतु चौरस फूट मोजण्याआधी कोणत्या महिन्यात कुठे किती ऊन पडते हे पाहावे लागते, आणि मे महिन्यात पाहिलेल्या उन्हावर विसंबून घेतलेला निर्णय बहुतेक वेळा चुकतो.

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकलेला असतो आणि दक्षिणेकडच्या खिडकीत दुपारचे ऊन शिरत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर येतो आणि छज्ज्याखालून ऊन थेट जाळीत उतरते. म्हणजे उन्हाळ्यात निरुपयोगी वाटलेली दक्षिणेची खिडकी नेमकी पालेभाज्यांच्या हंगामात उजळते. पूर्वेच्या खिडकीला सकाळचे कोवळे ऊन वर्षभर मिळते, तर पश्चिमेच्या खिडकीत एप्रिलची दुपार रोपे होरपळवून टाकते. उत्तरेच्या खिडकीत अळू आणि पुदिना यांपलीकडे फारशी आशा धरू नये. समोर हाकेच्या अंतरावर नवा टॉवर उभा राहिला असेल, तर अर्थातच हे सारे गणित पुसून टाकावे लागते.

खिडकीचा खरा हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर संपतो. मेथी, पालक आणि कोथिंबीर यांची मुळे उथळ असल्याने सहा इंच खोलीचा ट्रे त्यांना पुरतो. मुंबईच्या बाजारात चिमुकल्या जुड्यांनी मिळणारी समुद्र मेथी तर त्याहूनही उथळ, वाळूमिश्रित मातीत येते. स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच मेथी रात्रभर भिजवून दाट पेरली, की दहा-बारा दिवसांत मुळासकट उपटण्याजोगी होते, आणि नवख्या माणसाचा धीर टिकवायला इतके झटपट दुसरे पीक मला माहीत नाही. कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याखाली हलके रगडून दोन फोडी करून पेरावेत. अख्खे धणे उगवायला उशीर लावतात. पालक मुळाशी दोन इंच ठेवून कापला, तर पुन्हा फुटतो. मार्चमध्ये उकाडा वाढताच कोथिंबीर फुलावर येते आणि खिडकीचा हंगाम आटोपतो.

गच्चीचे वर्ष याच्या उलट चालते. तिचा सर्वांत समृद्ध काळ पावसाळा आहे, कारण दोडका, पडवळ, कारली आणि दुधी यांना पसरायला मांडव लागतो आणि तो खिडकीत उभारता येत नाही. मेअखेर आडोशाला बिया (अळूचे मात्र कंद) टाकून पहिल्या पावसात रोपे गच्चीवरच्या मातीच्या पिशव्यांत हलवली, तर भाद्रपदातल्या ऋषिपंचमीच्या भाजीसाठी दोडका, पडवळ, भेंडी, अळू आणि माठ घरचेच निघू शकतात. वेलांना फुले येऊनही फळ धरत नसेल, तर उंचावर मधमाश्या कमी फिरकतात हे एक कारण असू शकते. अशा वेळी नर फूल तोडून, ज्याच्या देठाशी इवलेसे फळ दिसते त्या मादी फुलावर हाताने फिरवावे. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, त्यामुळे हे काम ऑफिसातून परतल्यावरही करता येते. कारल्यासाठी मात्र सकाळीच उठावे लागते. थंडीत त्याच पिशव्यांत टोमॅटो, वांगी आणि वाल घ्यावेत. टोमॅटोची रोपे ऑक्टोबरअखेर लागली पाहिजेत, कारण मार्चनंतर रात्री उबदार झाल्या की फुले गळू लागतात.

आता गच्चीची किंमत. १२ बाय १२ इंचांच्या पिशवीत सुमारे २२ लिटर माल मावतो. तो भिजलेल्या तांबड्या मातीचा असेल तर वजन ३५ किलोच्या आसपास जाते, आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व गांडूळखताचे मिश्रण असेल तर साधारण २० किलोवर राहते. अशा तीस पिशव्या स्लॅबच्या मधोमध न मांडता तुळईवर किंवा कडेच्या भिंतीलगत, विटांवर उचलून ठेवाव्यात. आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी पहिल्या वर्षी हे केले नाही. जुलैच्या एका रात्री कोकोपीट आणि वाळक्या पानांनी पन्हळीचे तोंड बुजले, गच्चीत घोटाभर पाणी साचले आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघराच्या भिंतीवर ओल उमटली. त्या मला काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागले. गच्ची सर्व सभासदांची सामाईक असते, म्हणून समितीची लेखी परवानगी आणि तोंडावर जाळी बसवलेली पन्हळ या दोन गोष्टी बियांच्या आधी हव्यात.

खिडकीतली भांडणे लहान असतात, पण रोजची असतात. कुंडीतले मातकट पाणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, म्हणून प्रत्येक ट्रेखाली ताटली लागते. खाऱ्या हवेत जाळीचे स्क्रू गंजतात, ते दर पावसाळ्यापूर्वी तपासावेत आणि मोठ्या कुंड्या तिथे ठेवूच नयेत. कबुतरे कोवळी मेथी उपटतात, त्यामुळे नायलॉनची जाळी दोन्हीकडे लागते.

माझा कौल असा: जिचे घर दक्षिणेला किंवा पूर्वेला उघडते आणि जिला रोज पंधरा मिनिटांहून अधिक वेळ नाही, तिने या ऑक्टोबरात खिडकीत तीन ट्रेपासून सुरुवात करावी आणि गच्चीचा विचार पुढच्या मेपर्यंत लांबवावा. ज्यांच्या खिडकीला ऊनच नाही, त्यांनी थेट गच्ची धरावी, मात्र दहा पिशव्यांपुरतीच. मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी एप्रिलअखेर शेवटचा लाल माठ काढून पिशव्या रिकाम्या कराव्यात, माती प्लास्टिकवर पसरून उन्हात तापू द्यावी आणि परतल्यावर शेणखत मिसळून दोडक्याच्या बिया टाकाव्यात.