पोलो १.२, चौदा महिन्यांनंतर: नंबरातला तो अकरावा वाय

आज लिहायला बसलो ते ब्रेक डिस्कमुळे. गाडी २०१२ ची फोक्सवॅगन पोलो, १.२ पेट्रोल, इथे स्टुटगार्टमध्ये सेकंडहँड घेतली, ७८ हजारावर घेतलेली ती आता ९३ हजारावर आलीय. पुढच्या डिस्क घासल्या होत्या, एवढ्या किलोमीटरला घासणारच, त्यात गाडीचा काही दोष नाही. पण गॅरेजवाल्याने गाडीचा चासी नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि म्हणाला ही स्पेनमध्ये बनलेली आहे, हिचा माल वेगळा, मागवावा लागेल, ९० युरो जास्त होतील. हे माझ्या डोक्यातच गेलं.

स्पेनचं मला आधीपासून माहीत होतं, आणि खरं सांगतो, पहिले दोन-तीन महिने त्याचं वाईटही वाटलं होतं. इथल्या आरसी बुकात, म्हणजे फारत्सोइगशाइनमध्ये, 'ई' रकान्यात गाडीचा हा सतरा अक्षरी चासी नंबर असतो. माझा डब्ल्यूने सुरू होतो, डब्ल्यू म्हणजे जर्मनी, म्हणून मी निर्धास्त होतो. मग कळलं की सुरुवातीची अक्षरं कंपनी कुठली ते सांगतात, कारखाना कळतो अकराव्या अक्षरावरून. दहावं अक्षर सी, म्हणजे २०१२ चं मॉडेल, आणि अकरावं वाय. वाय म्हणजे स्पेनमधलं पॅम्प्लोना. पुण्याला मामाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अरे जर्मनीत राहून स्पेनची गाडी घेतलीस? मग चाकणची काय वाईट होती!" तेव्हा काही बोललो नाही पण मनाला लागलं, फसवलं गेल्यासारखं वाटत होतं.

आता तसं वाटत नाही. कारण नंतर जे मिळेल ते वाचत गेलो. पॅम्प्लोनाच्या लांडाबेन भागातल्या या कारखान्यात आधी ब्रिटिश लायसन्सवर मिनी बनायच्या, ती कंपनी सत्तरच्या दशकात बुडाली, मग सियाट या स्पॅनिश कार कंपनीने कारखाना घेतला, १९८२ मध्ये सियाट आणि फोक्सवॅगनचा करार झाला आणि १९८४ पासून तिथे पोलो बनायला लागली. थेट २०२४ पर्यंत बनत होती, मग पोलो दक्षिण आफ्रिकेला हलवली. म्हणजे चाळीस वर्षं! बापाने आणि नंतर मुलाने एकाच लाइनवर एकच गाडी बनवली अशी घरं तिथे नक्की असणार. छोट्या गाडीत नफा कमी, जर्मनीतली मजुरी महाग, म्हणून काम तिकडे नेलं हे उघड आहे, पण स्वस्तात केलं म्हणजे वाईट केलं असं कुठे आहे? २०१० ची युरोपियन कार ऑफ द इयर याच मॉडेलची पोलो होती, आणि युरोपातल्या या पोलो प्रामुख्याने पॅम्प्लोनाच्याच. मामाचंही बरोबरच होतं म्हणा, चाकणलाही २००९ पासून २०२२ पर्यंत हीच पोलो बनली.

तेव्हापासून मला सवयच लागलीय, पार्किंगमधून जाताना पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात दिसणारा चासी नंबर वाकून बघायचा. ऑफिसमधल्या एकाच्या टुआरेगचं अकरावं अक्षर डी, म्हणजे स्लोव्हाकियातलं ब्रातिस्लावा. शेजारणीच्या टी-रॉकचं व्ही, पोर्तुगालमधलं पाल्मेला. एका ऑडी टीटीला तिथे १ आकडा दिसला, तो हंगेरीतल्या ग्यॉरचा, आणि ग्यॉरला तर १९९४ पासून इंजिनंही बनतात. मर्सिडीजची जी-क्लास ऑस्ट्रियात ग्राझला बनते, तीही १९७९ पासून, आणि तिला कोणी ऑस्ट्रियन म्हणून कमी भाव देत नाही. मग माझ्या वायनेच काय घोडं मारलंय?

तर डिस्क. घरी येऊन डिकी रिकामी केली, खालचं कार्पेट उचललं, स्टेपनीच्या खळग्यात एक पांढरं स्टिकर असतं, धुळीने भरलेलं, ओल्या फडक्याने हळूच पुसलं. त्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड असतात ओळीने, गाडीत कारखान्यातून काय काय बसवलंय त्याचे. पुढच्या ब्रेकचा कोड माझ्या गाडीत '१झेड' ने सुरू होतो. याच मॉडेलमध्ये डिस्कची वेगवेगळी मापं येतात आणि माप ठरतं या कोडवरून, गाडी कुठे बनली त्यावरून नाही. फोटो काढला, दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यासमोर ठेवला. तो पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसला, मग म्हणाला, माल आहे, उद्या या. ९० युरो गेले बिलातून. सॉरी म्हणाला नाही ते नाहीच.

बाकी गाडीबद्दल थोडक्यात. हायवेला १२० वर धरली तर लिटरला सतराच्या आसपास देते, गावात तेरा-चौदा. मागची सीट उंच माणसाला अडचणीची, आई-बाबा आले होते तेव्हा बाबांना पुढेच बसवलं. दार लावल्यावर येणारा तो भरीव आवाज बारा-तेरा वर्षांच्या गाडीला अजून तसाच आहे, आणि दर वेळी तो ऐकला की मला लांडाबेनमध्ये ते दार बसवणारा माणूस आठवतो, ज्याला मी कधी बघितलेलं नाही. कोणी सेकंडहँड पोलो बघत असाल आणि विकणारा वायवरून काही सांगायला लागला तर आधी डिकी उघडायला सांगा आणि स्टिकरचा फोटो फोनमध्ये ठेवा. मार्चमध्ये ट्युफची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे का याची इथली सक्तीची तपासणी आहे, मागचे ब्रेक कसे निघतात ते तेव्हा लिहितो.